गाळ कोणी काढायचा?

दर वर्षी तेरा ऑक्टोबरला येवल्यात माणसांचा पूर येतो. मुक्तिभूमीवर मेणबत्त्या लागतात, पुस्तकांच्या पथाऱ्या लागतात, गाणी होतात, भाषणं होतात. संध्याकाळी गर्दी पांगली की आम्ही चार-सहा जण कुठंतरी चहाला बसतो. गेल्या खेपेला आमच्यात एक पोरगा होता. मूळचा आपल्याच तालुक्यातला. जमीन नाही, पावसाचा भरवसा नाही, कालव्याचं पाणी शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही, म्हणून मुंबईला गेलेला. बंदराच्या बाजूला एका कंत्राटदाराकडं गाळ काढायच्या कामावर आहे. मोठं ड्रेजर जिथं शिरत नाही तिथं, धक्क्याच्या भिंतीलगत, नाल्याच्या तोंडाशी, ओहोटीला माणसं उतरवतात. फावडं, घमेलं आणि उघडे पाय. त्यानं पँट वर करून पाय दाखवले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी फुटलेली, काळी पडलेली.

तो म्हणाला, "दादा, भाषणात समदे सांगत्यात, बाबासाहेबांनी हितं सोडायला शिकवलं. मग मी काय सोडू ते सांगा ना. काम सोडलं तर घरी पैसे कोण धाडणार? मी सोडलं तर दुसरा येतो. तोबी आपल्यातलाच, न्हाईतर लांबच्या मुलखातला आपल्यासारखाच. अन् कोणीच न्हाई काढला गाळ, तर त्या काठावरच्या वस्तीतली पोरं…"

पुढं तो बोलला नाही. चहा गार झाला. "संघटित झालं पाहिजे," असं काहीतरी मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला ते पोकळ वाटलं. त्या संध्याकाळी जे उत्तर देता आलं नाही ते इथं शोधतो आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, येवल्यात कुठं समुद्र? खरं आहे. आपल्या तालुक्याचं पाणी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जातं. आपली माणसं मात्र पश्चिमेच्या समुद्राला जातात, मुंबईला. आणि पाण्याची रीत सगळीकडं एकच. आपल्याकडं पैठणीचं रेशीम रंगवल्यावर भांड्यात उरलेलं पाणी कुठंतरी जातंच. पाणी उतार शोधतं, आणि गावाची वस्ती तर उतार बघूनच बसवलेली असते. बंदर म्हणजे सगळ्या उतारांचा शेवट. तिथं काय साठलंय ते बघितलं की वरच्या गावाचं सगळं चरित्र कळतं.

गाळ मुळात वाईट नाही. नद्या आणि खाड्या माती आणतात, भरती-ओहोटी ती फिरवते, पाणी संथ झालं की माती खाली बसते. मुंबई बंदरात जहाजांची वाट खोल ठेवायची तर गाळ उपसावाच लागतो. घोटाळा होतो तो त्या मातीबरोबर काय खाली बसतं त्यानं. चिकणमातीचा कण अतिशय बारीक. असे कोट्यवधी कण एकत्र आले की त्यांचं अंग केवढं तरी मोठं होतं, आणि त्या अंगाला पारा, शिसं, तांबं, कॅडमियम, तेल चिकटतं. कारखान्यानं सोडलेलं विष त्यामुळं वरच्या पाण्यात फार दिवस राहत नाही. कणावर बसून ते तळाला जातं. वरचं पाणी तपासलं तर 'ठीक' असा कागद मिळू शकतो. खाली हिशेब साठत जातो. तळातले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात. तो किड्यात जातो, किड्यातून कोळंबीत, कोळंबीतून माशात, लहान माशातून मोठ्या माशात, मग माणसात. एकेक पायरी चढताना त्याचं प्रमाण वाढत जातं.

मुंबई बंदराला वरून ठाणे खाडी येऊन मिळते. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात या खाडीकाठी रासायनिक कारखाने उभे राहिले. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर निबंध छापला. म्हणजे माहिती नव्हती असं कोणाला म्हणता येणार नाही. शिवाय शहराचं मैलापाणी, जहाजांचं तेल, दारूखान्याला जुनी जहाजं तोडताना गळणारं सगळं. त्याच खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसरच्या जागतिक यादीत गेला. पक्ष्यांची दखल घेतली याचा मला आनंद आहे. पण खाडीच्या चिखलात उभा राहून पोट भरणारा फक्त फ्लेमिंगोच नाही. माणूसही तसाच उभा आहे, आणि त्याची कुठल्याच यादीत नोंद नाही.

बंदराच्या गाळाची आणखी एक गोष्ट ऐका. १४ एप्रिल १९४४. आपल्याला ही तारीख जयंतीची. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. युद्धाचा दारूगोळा भरलेला होता, कापूस होता. शेकडो माणसं मेली. त्याच जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्या उडाल्या, चहूकडं पडल्या, गोदीच्या गाळात रुतल्या. पुढं कित्येक वर्षं गाळ काढताना त्या सापडत राहिल्या आणि जवळपास सगळ्या सोन्याचा हिशेब लागला. म्हणजे गाळात रुतलेल्या वस्तूचा मालक शोधता येतो. पाऱ्याचा मालक तेवढा सापडत नाही. सोन्याचा मालक सापडला तर त्याला द्यायचं असतं, पाऱ्याचा सापडला तर त्याच्याकडून घ्यावं लागेल. अडचण एवढीच आहे.

आता विटाळाबद्दल बोलू. हा शब्द आपल्याइतका कोणाला माहीत?

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आणि त्यांच्या मागं हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. माणसं माणसासारखी पाणी प्याली, एवढंच झालं. तर गावच्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. शुद्धी झाली! पाण्यात शेण कालवून पाणी शुद्ध करणारा समाज कोणत्या शास्त्रावर चालतो ते इथं उघडं पडतं. पुढं त्याच महाडजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. सावित्री नदीच्या पाण्याबद्दल काठावरचे लोक ओरडत राहिले. तेव्हा कोणी घागरी काढल्या नाहीत, कोणी मंत्र म्हटले नाहीत. माणसाच्या ओंजळीनं बाटणारं पाणी नळकांड्यातल्या विषानं बाटत नाही.

त्याच १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडतो आहे. डोंगर झाले. त्या डोंगराच्या कुशीला कोण राहतं ते गोवंडीत फिरून बघा. दलित, मुसलमान, शहरानं इतरत्र जागा नाकारलेली माणसं.

माझ्या काही मित्रांना उपमा फार आवडतात. ते म्हणतील, जात म्हणजे समाजाच्या तळाचा गाळ. मला ही उपमा नको. तिनं कविता होईल, प्रश्न सुटणार नाही. जात गाळासारखी नाही. जात ही गाळाची व्यवस्था आहे. घाण कोणी करायची, कोणी उचलायची आणि उचलून कोणाच्या दारात टाकायची, हे माणसाच्या जन्माआधीच ठरवून ठेवणारी व्यवस्था. म्हणून बंदराच्या गाळाचा प्रश्न इंजिनियरांवर सोपवून आपल्याला मोकळं होता येत नाही.

गाळ काढायची गोष्ट निघाली की पहिला आवाज येतो, "ढवळू नका. बसलंय ते बसू द्या." हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. गावात सगळं गुण्यागोविंदानं चाललंय, तुम्ही कशाला ढवळता, असं आपल्याला किती वेळा ऐकवलं गेलं! तरी चिडून जाण्याआधी हे म्हणणं नीट तपासू, कारण त्यात अर्धं खरं आहे. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथं बरेच धातू गंधकाशी बांधलेले पडून असतात. आडदांडपणे उपसलं की प्राणवायू लागतो, बांधलेलं सुटतं, कण पुन्हा पाण्यात उठतात आणि ओहोटीबरोबर लांब जातात. कधी कधी विषारी गाळावर स्वच्छ वाळूचा जाड थर टाकून तो दाबून ठेवणंच शहाणपणाचं ठरतं. म्हणजे 'उपसा' ही घोषणाही आंधळी असू शकते.

पण 'ढवळू नका' कोण म्हणतो हेही बघितलं पाहिजे. अमेरिकेत हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांनी १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षं पीसीबी नावाचं रसायन सोडलं. नदी साफ करायची वेळ आली तेव्हा हीच कंपनी सांगू लागली की गाळ काढला तर जास्त नुकसान होईल, नदी आपली आपण बरी होईल. सरकारनं २००२ साली गाळ काढायचा निर्णय दिला, काम २००९ ते २०१५ चाललं. ज्यानं घाण केली तोच शांततेचा उपदेश करत होता.

जपानात मिनामाटा नावाचं गाव आहे. तिथं चिस्सो कंपनीनं १९३२ ते १९६८ पारा मिसळलेलं पाणी उपसागरात सोडलं. मासे खाणाऱ्या कोळ्यांची मुलं वेडीवाकडी होऊ लागली, आईच्या पोटातच विष भिनू लागलं. १९५६ साली आजाराची सरकारी नोंद झाली, तरी कारखाना पुढं बारा वर्षं सोडतच राहिला. मग १९७७ साली उपसागरातला गाळ काढायला सुरुवात झाली. तेव्हा तिथले रहिवासीच कोर्टात गेले, की ढवळाल तर विष पुन्हा उठेल. काम थांबलं, १९८० साली पुन्हा सुरू झालं, १९९० साली संपलं. जवळजवळ १५ लाख घनमीटर गाळ काढून बंदिस्त केला, त्यावर ५८ हेक्टर जमीन झाली. सुमारे ४,८५० कोटी येन लागले आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला उचलावा लागला. उपसागराच्या तोंडाला मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेलं जाळं १९९७ साली निघालं.

आता या दोन्हीतला फरक बघा. मिनामाटाचे रहिवासीही 'ढवळू नका' म्हणाले आणि हडसनची कंपनीही तेच म्हणाली. शब्द एकच. रहिवाशांना आपल्या पोरांची काळजी होती, कंपनीला आपल्या तिजोरीची. म्हणून वाक्य ऐकून निर्णय करता येत नाही. त्या वाक्यातून कोणाचं काय वाचतं, ते बघावं लागतं.

इथं मला येवला आठवतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब इथं काय म्हणाले ते आपल्याला पाठ आहे. पण त्या परिषदेनं दुसरीही एक गोष्ट ठरवली. २ मार्च १९३० पासून नाशिकला चाललेला काळाराम मंदिराचा लढा थांबवायचा. पाच वर्षं लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. एवढं करून बाबासाहेब म्हणाले, पुरे. ज्यांनी धर्म घाण केला त्यांची घाण काढत आपण आयुष्य का घालवायचं? आपण निघू. येवल्याचा अर्थ मी असा घेतो. दुसऱ्याचा गाळ उपसणं हे आपलं जन्माचं काम नाही.

पण समुद्राला धर्मांतर नाही. धर्मातून निघता येतं, पाण्यातून निघून जाणार कुठं? त्या पोराची अडचण नेमकी हीच होती. निघालं तर आपलीच माणसं विषात राहतात. राहिलं तर आपलेच पाय सडतात. येवला सांगतं सोड, बंदर सांगतं सोडता येत नाही.

मी बरेच दिवस या पेचात होतो. मग माझ्या आजीनं सांगितलेली गोष्ट आठवली. महाडनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, तेव्हाची. आजी सांगायची, "बैल तीन दिस पडून व्हता. वास सुटला. गावानं आपल्याला दाणं बंद केलं, रान बंद केलं, पाणी बंद केलं. पण चौथ्या दिशी पाटलाच्या पोरांनी सोताच्या हातानं दोर लावला." बैल त्यांचा होता. पण त्याचा वास त्यांचा आहे हे गावाला तोवर कधी कळलंच नव्हतं, कारण वास सुटायच्या आधीच आपण ढोर ओढून न्यायचो. ते काम सोडल्यानं गाव घाण झालं नाही. गाव आधीच घाण होतं, फक्त ते आता ज्याचं त्याला दिसलं.

म्हणजे सोडणं हे पाठ फिरवणं नव्हे. ज्याची घाण त्याच्या नाकाशी नेऊन ठेवणं, हे सोडण्याचं खरं काम. आणि हे सांगणारे बाबासाहेब पाण्याकडं पाठ फिरवून बसले का? व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ते मजूरमंत्री असताना, १९४५ साली, जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांचा केंद्रीय आयोग त्यांच्याच खात्यात उभा राहिला. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यानं हाताळली. घागरीभर पाण्यासाठी ज्याला महाडला लढावं लागलं, तो माणूस देशाच्या नद्यांचा विचार करत बसला होता. त्यांनी सोडलं ते जन्मानं लादलेलं काम. पाण्यावरचा हक्क आणि पाण्याची जबाबदारी त्यांनी कधीच सोडली नाही. गांधीजी भंगीकामाला थोर सेवा म्हणायचे, तेव्हा बाबासाहेबांनी त्या गौरवातला डाव उघडा केला. ज्या कामाचा एवढा गौरव, ते गौरव करणाऱ्याच्या पोरांच्या वाट्याला का येत नाही? आज आपल्याला 'स्वच्छतादूत' म्हणणाऱ्यांना हाच प्रश्न विचारायचा.

मग बंदर साफ करायला निघालेल्या कुठल्याही सरकारला, कंपनीला आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला, गाळात जे आहे ते कोणाचं? १९९६ साली सुप्रीम कोर्टानं राजस्थानातल्या बिछडीच्या प्रकरणात सांगितलं की प्रदूषण करणाऱ्यानंच भरून दिलं पाहिजे. तत्त्व चांगलं आहे. पण त्यात पैशाचा हिशेब आहे, अंगाचा नाही. पैसे देणाऱ्याच्या देण्याला भरपाई म्हणतात. अंग देणाऱ्याच्या देण्याला कुठल्याच वहीत रकाना नाही.

दुसरा, त्या गाळात उतरणार कोण? २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला बंदी घातली. पण 'जोखमीची सफाई' म्हणजे गटार आणि सेप्टिक टँक, एवढंच त्या कायद्यानं धरलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली ते तीस लाख केले. मेल्यावरची किंमत वाढली. आणि बंदराच्या गाळात पाय सडणारा पोरगा तर या व्याख्येतच बसत नाही. तो गटारात नाही, टाकीत नाही, आणि अजून मेलेलाही नाही.

तिसरा, काढलेला गाळ टाकणार कुठं? समुद्रात थोडं लांब नेऊन टाकला तर तो दुसऱ्या कोळीवाड्याच्या जाळ्यात. जमिनीवर आणला तर कोणत्या वस्तीशेजारी? ज्या सफाईत विष एका गरिबाच्या दारातून दुसऱ्या गरिबाच्या दारात जातं, तिला मी सफाई म्हणणार नाही. ती महाडचीच शुद्धी. फक्त घागरीच्या जागी पंप आला.

गाळ काढायची पद्धत आज माहीत नाही असं नाही. आधी वरून येणारं विष बंद करायचं, नाहीतर उपसणं व्यर्थ. मग जागोजागचा गाळ तपासायचा. काढायचा तिथं पडदे लावून, बंद तोंडाच्या यंत्रानं, सावकाश काढायचा. पाणी निथळून ते वेगळं शुद्ध करायचं, उरलेला गाळ बंदिस्त करायचा. यात माणसाच्या उघड्या पायाची गरज कुठंच नाही. तरी माणूस उतरवला जातो, कारण तो यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. आणि तो स्वस्त का, हे येवल्यात जमणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

तर त्या पोराला मी काय सांगू? काम टाकून घरी ये, असं सांगायचा मला अधिकार नाही. त्याच्या घरी माझा पगार जात नाही. सोसत राहा, कोणाचं तरी भलं होतंय, असंही सांगणार नाही. ती गीता त्यानं पुष्कळ ऐकली. मी एवढंच सांगीन, की हे काम तुझं आहे हा समज आधी सोड. हे काम आहे, आणि ते झालंच पाहिजे, पण ते तुझ्या जन्माशी बांधलेलं नाही. ते यंत्रानं होईल, चांगल्या पगारानं होईल, ज्यानं विष सोडलं त्याच्या पैशानं होईल. इंजिनियरचा पोरगा जेव्हा त्याच पगारावर, तोच पोशाख घालून त्या कामाला अर्ज करील, तेव्हा ते नुसतं काम होईल. तोवर ती बलुतेदारी आहे, ओहोटीच्या वेळेवर चालणारी. आणि तिथं तुझ्याबरोबर उतरणारा लांबच्या मुलखातला माणूस तुझी जागा घ्यायला आलेला नाही. त्याचेही पाय फुटतात. त्याच्याशी आधी बोल.

एवढं तरी नुसतं बोलणंच होईल, म्हणून एक काम ठरवलंय. मी त्याला निरोप धाडला: पुढच्या खेपेला येताना, जिथं तुला उतरवतात तिथला गाळ एका स्वच्छ बाटलीत भर. बाटलीवर जागा आणि तारीख लिही. हातमोजे घाल. आपण वर्गणी काढू आणि तो प्रयोगशाळेत तपासून घेऊ. पारा किती, शिसं किती, तेल किती. तुझे पाय डॉक्टरला दाखवून त्याचाही कागद घेऊ. मग ते दोन कागद हातात धरून विचारू, की बाबांनो, हे कोणाचं?

कदाचित कागदावर काही फार निघणार नाही. निघालं नाही तर तेही छापू. पण आजवर आपल्या अंगाला काय लागलं ते नेहमी दुसऱ्यांनी ठरवलं. विटाळ त्यांनी ठरवला, शुद्धी त्यांनी ठरवली. या खेपेला मोजणारे आपण असू.

वर्गणी देणाऱ्यांनी नावं कळवावीत. तेरा ऑक्टोबरला येवल्यात भेटू.

जय भीम.